जुना बेस विकत घेताना: पहिल्या जाहिरातीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

इलेक्ट्रिक बेस, म्हणजे खर्जात वाजणारी, बहुधा चार तारांची विजेवरची गिटार, हे वयानं लहान वाद्य. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स ७३६ नावाचा, गिटारसारखा आडवा धरायचा बेस बनवला खरा, पण ते मोजकेच निघाले आणि विस्मरणात गेले. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमधून प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१ मध्ये, आणि तिथून खरी गोष्ट सुरू झाली. संग्राहकाला शिकायचा इतिहास त्यामुळे जेमतेम पस्तीस वर्षांचा आहे. तो कुणालाही पाठ होईल. अडचण वेगळीच आहे: फेंडरचा बेस चार स्क्रूंवर उभा असतो, नेक (तारांखालची लांब दांडी) बॉडीला त्यांनीच जोडलेली असते, आणि ते चार स्क्रू काढून १९७८ च्या प्रिसिजनच्या बॉडीला १९६४ ची नेक दहा मिनिटांत लावता येते. मग विकणारा त्याला '६४ चा बेस' म्हणतो. कधी लबाडीनं, पण बऱ्याचदा त्यालाही तसंच सांगून विकलेला असतो म्हणून.

पुढचं सगळं हे स्क्रू उघडून काय पाहायचं याबद्दल आहे. बेस थोडाफार वाजवता येतो असं मी धरून चाललोय. येत नसेल तर आधी साधा नवा बेस घ्या आणि वर्षभर वाजवा. सेट-अप (तारांची उंची, नेकचा बाक यांची जुळणी) बिघडलाय की वाद्यच बिघडलंय, हे बोटांना कळू लागेपर्यंत जुन्या मालाच्या वाटेला जाऊ नये.

१. कशासाठी हवाय ते आधी ठरवा

बाजारात दोन जातींचा माल असतो. एका जातीत रंगापासून सोल्डरपर्यंत सगळं कारखान्यातून निघालं तसंच. दुसऱ्या जातीला परदेशातले विक्रेते 'प्लेअर ग्रेड' म्हणतात: रंग पुन्हा मारलेला, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेल्या, एखादा पॉट (आवाजाच्या बटणाखालचा विजेचा भाग) नवा, ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) झाकणाचे स्क्रू हरवलेले. रंग पुन्हा मारला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. आवाज काही निम्मा होत नाही.

म्हणून पहिली खरेदी दुसऱ्या जातीतली करा. कुणी सांगितलं की गुंतवणूक म्हणून पहिल्या जातीचाच घे, तर त्याला विचारा की तो स्वतः काय विकतोय. अट एकच: काय काय बदललंय ते विकणाऱ्यानं लेखी सांगितलेलं असावं. बदललेला बेस वाईट नाही, बदल लपवलेला बेस वाईट. आणि ठरवलेल्या रकमेतला दहावा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. फ्रेट, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) आणि सेट-अप यांचा खर्च जवळपास प्रत्येक जुन्या वाद्यावर निघतो.

२. घराणी ओळखा

फेंडरपासूनच सुरुवात करावी लागते, कारण बाकीचे लोक त्याच्याशी तुलना करूनच बोलतात. १९५१ ते १९५४ चा प्रिसिजन म्हणजे कडा न घासलेली सपाट फळी आणि एकच छोटा पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक). १९५४ मध्ये बॉडीला पोटाशी आणि कोपराशी उतार आला. १९५७ मध्ये आजचा दोन तुकड्यांचा पिकअप आणि रुंद हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) आला. नेक १९५९ पर्यंत अख्खी मेपलची. मग तिच्यावर रोजवूडचा फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबतात ती पट्टी) चढला आणि मेपल साठच्या दशकाच्या शेवटीच पुन्हा सर्रास दिसू लागला. त्यामुळे '१९६३ चा, अख्ख्या मेपलच्या नेकचा' प्रिसिजन दिसला तर आधी भुवई वर जाऊ द्या, मग पाकीट काढा.

जॅझ बेस १९६० चा. पहिल्या दोन वर्षांत एकावर एक बसवलेली दुमजली बटणं, १९६२ पासून तीन साधी. १९६६ मध्ये नेकला कडेनं पांढरी पट्टी आली आणि त्याच वर्षी फिंगरबोर्डवरच्या ठिपक्यांच्या जागी चौकटी आल्या. सत्तरच्या दशकात ब्रिजकडचा पिकअप ब्रिजच्या आणखी जवळ सरकला, आवाज चिरका झाला. काहींना तोच हवा असतो. १९७५ च्या सुमाराला जॅझच्या नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले. जोडणी घट्ट असेल तर तीन स्क्रूंना नाकं मुरडायचं कारण नाही, पण नेक हातानं आडवी ढकलून पाहा. हलली तर सोडा.

१९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं विकत घेतली. 'सीबीएसपूर्व' हे बिरुद तिथून आलं आणि किमतीही तिथेच उडी मारतात. साठच्या सुरुवातीचा अस्सल जॅझ आज रुपयांत दोन आकडी लाखांत जातो. माझं मत विचाराल तर १९६६-६७ चे बरेचसे बेस त्याआधीच्यांइतकेच चांगले आहेत. कंपनी विकली म्हणून दुसऱ्या दिवशी कारागिरांचे हात बदलत नाहीत. खरी घसरण सत्तरच्या दशकात हळूहळू दिसते: जाड पॉलिएस्टर रंग, सैल जोडण्या आणि पाच किलोच्या वर जाणाऱ्या ॲशच्या बॉडी. दोन तास उभं राहून वाजवणार असाल तर वजनकाटा हे पहिलं हत्यार.

गिब्सनचा ईबी-० १९५९ चा, ईबी-३ १९६१ चा. दोन्ही आखूड, साडेतीस इंची स्केलचे (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचे). फेंडर चौतीस इंची. क्रीम या रॉक बँडच्या जॅक ब्रूस यांनी ईबी-३ गाजवला. तो नेकजवळचा मोठा पिकअप गढूळ वाजतो आणि मला तो फारसा रुचत नाही, पण लहान हातांना हे बेस सुखाचे, आणि फेंडरच्या मानानं स्वस्त. धोका एकच आणि मोठा: महोगनीचा, मागे झुकलेला हेडस्टॉक. पडला की नटपाशी मोडतो. तिथली भेग शोधायला नोटा तपासायचा जांभळा दिवा कामी येतो. अंधारात धरा. जुनी नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं वार्निश) पिवळट-हिरवी चमकते, नव्यानं मारलेला पट्टा काळा राहतो.

रिकनबॅकर ४००१ चं वय काढणं सगळ्यात सोपं. केबल जिथे लागते त्या पत्र्यावर दोन अक्षरं असतात. १९६१ ते १९८६ या काळात पहिलं अक्षर वर्ष सांगतं (ए म्हणजे १९६१, पुढे क्रमानं), दुसरं महिना. 'एन-एच' म्हणजे ऑगस्ट १९७४. पण याच्या नेकमध्ये दोन ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळया) असतात, आणि जुन्या पद्धतीच्या रॉडचं तंत्र उलटं आहे: आधी नेक हातानं दाबून हव्या त्या बाकात आणायची, मग रॉडच्या टोकाचा नट (चाकी) फक्त धरून ठेवण्यापुरता आवळायचा. नुसता नट पिळला की फिंगरबोर्ड सुटून येतो. हे माहीत नसलेल्या कारागिराच्या हातात रिकनबॅकर देऊ नका. द्यायच्या आधी त्यालाच विचारा, रॉड कसा आवळणार म्हणून. उत्तरावरून कळेल.

हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ पोकळ आणि हलका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतला म्हणून तो जगभर माहीत झाला. नेक गोंदानं चिकटवलेली असते, तेव्हा तिचा सांधा पाहायचा. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ चा, तोही लिओ फेंडर यांच्याच कंपनीतला, आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट). १९८४ मध्ये एर्नी बॉलनं कंपनी घेतली, त्याआधीच्याला भाव जास्त. जुन्या प्रीॲम्पवर राळ ओतलेली असते, त्यामुळे तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

आणि मग जपान. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावातले कारखाने अमेरिकी बेसच्या इतक्या हुबेहूब नकला करत होते, की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा ठोकला. १९८२ मध्ये फेंडरनं हुशारी केली. फेंडर जपान ही कंपनी काढून त्याच मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याला काम दिलं. 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले. ग्रेको, टोकाई, आरिया प्रो टू आणि यामाहाचे बीबी यांतही असाच पक्का माल मिळतो. साठच्या दशकातल्या फेंडरच्या मानानं यांची किंमत फार कमी, आणि नकली नेकचा धोकाही कमी, कारण लबाडी करण्याइतका पैसाच त्यात नाही. आयबानेझच्या क्रमांकातलं पहिलं अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष, एवढं लक्षात ठेवलंत की १९७५ नंतरचे बहुतेक फुजिगेनचे आयबानेझ वाचता येतात.

आपल्याकडे जुन्या जाहिरातींत एक नाव हमखास दिसतं: कोलकात्याचं गिवसन. घाईत वाचलं तर गिब्सन वाटतं. आठवण म्हणून घ्या, गिब्सनच्या भावात घेऊ नका.

३. पैसे बोलण्याआधी फोटो मागवा

विकणारा दोनशे मैलांवर असो की जपानात, मागणी सारखीच ठेवा: पुढून, मागून, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, नेकचा पत्रा (मागचा, स्क्रूंखालचा), नेक काढून तिची टाच (बॉडीत बसणारं टोक), पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पट्टी) उलटा करून आतलं वायरिंग, पॉटच्या पाठीवरचे आकडे, आणि बॉडीवरची नेकची खाच. 'नेक काढून' म्हटलं की कुणी कुरकुरतात. फेंडरच्या जातीच्या बेसची नेक काढणं हे तारा बदलण्याइतकंच नेहमीचं काम आहे. जुन्या फेंडरचा ट्रस रॉडचा नट टाचेतच असल्यानं तो फिरवायलाही नेक सैल करावीच लागते. किंमत मोठी असून नकार आला, तर तोच तुमचा निर्णय समजा. गिब्सन आणि रिकनबॅकरच्या नेक मात्र चिकटवलेल्या किंवा आरपार असतात. तिथे हा हट्ट धरू नका.

४. पुरावे जुळवा

समजा, '१९६६ चा जॅझ बेस' समोर आलाय.

नेकच्या पत्र्यावरचा क्रमांक सगळे आधी पाहतात आणि त्याच्यावरच विसंबतात. तो सगळ्यात कमजोर पुरावा, कारण पत्रा सहज बदलतो. १९६५ च्या शेवटापासून १९७६ पर्यंत पत्र्यावर मोठा 'एफ' कोरलेला असतो. तो हवा. त्याआधीच्या काही वर्षांत क्रमांकाच्या सुरुवातीला 'एल' असे. १९७६ नंतर क्रमांक हेडस्टॉकवर गेला, 'एस' आणि एक आकडा: 'एस ८' म्हणजे साधारण १९७८.

मग टाचेवरचा शिक्का. '७ मार्च ६६' असं काहीतरी आणि शेवटी एक अक्षर दिसेल. हा ७ म्हणजे तारीख नव्हे, जॅझ बेसच्या नेकचा सांकेतिक क्रमांक. प्रिसिजनचा ५. शेवटचं अक्षर नटपाशी नेकची रुंदी सांगतं. अरुंद नेकला ए. हा महिना नेक तयार झाल्याचा, बेस जोडल्याचा नाही. दोन-चार महिन्यांचा फरक चालतो. काही काळातल्या नेकवर शिक्का नसतोच, तेवढ्यावरून घाबरू नका.

पॉटच्या पाठीवर सहा किंवा सात आकडे. पहिले तीन बनवणाऱ्याचे (३०४ स्टॅकपोल, १३७ सीटीएस), पुढे वर्ष, मग आठवडा. ३०४६६१२ म्हणजे स्टॅकपोलचा, १९६६ च्या बाराव्या आठवड्यातला. बेसपेक्षा जुना पॉट चालतो, नवा चालत नाही. आणि १९६६ चे पॉट फेंडरनं इतके भरून ठेवले होते की १९६८-६९ च्या बेसमध्येही तेच सापडतात. म्हणजे '६६ चे पॉट' हा १९६६ चा पुरावा नाही. तो फक्त '६६ च्या आधीचा नाही' एवढंच सांगतो.

आता सोल्डर. साठच्या दशकातलं सोल्डर मळकट, करडं असतं आणि वायरीवर कापडाचं वेष्टण असतं. चकचकीत नवा थेंब दिसला की तिथे कुणीतरी हात घातलाय. घातला तर घातला, पण मग तो पॉट मूळचा म्हणून पैसे देऊ नका. मल्टिमीटर असेल तर पिकअपही मोजून घ्या. जॅझचा एकेक पिकअप साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, प्रिसिजनचा १० च्या पुढे. काटा हललाच नाही तर आतली तार तुटली आहे.

रंगाचा खोटेपणा सगळ्यात महाग पडतो. फेंडर जास्त पैसे घेऊन ड्यूपाँचे मोटारींचे रंग मारून देत असे: फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू. आज त्या रंगांना सनबर्स्टपेक्षा (मधे उजळ, कडेला गडद होणाऱ्या नेहमीच्या रंगापेक्षा) खूप जास्त भाव आहे, म्हणून साध्या सनबर्स्टवर नंतर लाल रंग मारलेले बेस फिरतात. पिकगार्डखाली पाहा. तिथे ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे रंग बाहेरच्यापेक्षा ताजा दिसायला हवा. १९६४ च्या आसपासपर्यंत रंग वाळवताना बॉडी खिळ्यांवर टेकवत. त्या खिळ्यांची भोकं रंग मारून झाल्यावर मोकळी झालेली, म्हणून त्यांच्या आत रंग नसतो. भोकांत रंग भरलेला असेल तर रंग नंतरचा.

छोट्या गोष्टीही बोलतात. बोटं टेकवायची ती लाकडी पट्टी १९७४ पर्यंत बारीक तारेच्या बाजूला असे, नंतर जाड तारेकडे गेली. क्रोमची झाकणं वाजवणाऱ्यांनी बहुतेक काढून टाकलेली असतात, पण त्यांच्या स्क्रूंची भोकं राहायला हवीत. जुन्या म्हणवणाऱ्या बॉडीवर ती भोकंच नसतील, तर बॉडी कुठून आली ते विचारा.

५. वाजवून पाहा

खरं तर हे आधी करायचं, पण शिक्क्यांच्या नादात लोक शेवटी करतात. पहिली आणि बॉडीला मिळणारी फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत कार्ड जाईल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडला अजून वाव आहे का ते पाहा. रॉड पूर्ण आवळलेला आणि नेक तरीही वाकलेली, हे वाद्य सोडून द्या, कितीही सुंदर असो. हेडस्टॉककडून एका डोळ्यानं नेकच्या दोन्ही कडा पाहा. पीळ असेल तर दिसतो. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. जॅझचा एकच पिकअप उघडला की थोडी गुणगुण येणारच. दोन्ही सारखे उघडल्यावरही ती तशीच राहिली तर वायरिंगमध्ये गडबड आहे.

६. माल कुणाचा, तेही विचारा

मॅकार्टनी यांचा तो १९६१ चा हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला. पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा १९६२ चा फ्रेट काढलेला जॅझ १९८६ मध्ये गेला आणि सुमारे वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडला. मधल्या काळात ही वाद्यं कुणाकुणाच्या घरात होतीच. जुनी पावती, आधीच्या मालकाचा वाजवतानाचा फोटो, काहीही चालेल, पण मागा. क्रमांक इंटरनेटवर शोधायला दोन मिनिटं लागतात.

७. परदेशातून मागवताना

वाद्याची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर सीमाशुल्क लागतं आणि त्यावर आयजीएसटी. हे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा मागवण्याच्या आठवड्यातलाच दर पाहा. 'पुरातन वस्तू' म्हणून सवलत मिळेल ही आशा सोडा. त्यासाठी वस्तू शंभर वर्षांची लागते, आणि एवढा जुना इलेक्ट्रिक बेस अस्तित्वातच नाही. कस्टमची कागदपत्रं कायम जपा.

साठच्या मध्यापर्यंतच्या फेंडरचा रोजवूड बहुधा ब्राझीलचा असतो. हे लाकूड १९९२ पासून साइटिस कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सर्वांत कडक यादीत आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडताना वाद्य जप्त होऊ शकतं. इतर रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून मोकळीक आहे, पण ब्राझीलच्या रोजवूडला नाही. नवख्यासाठी जपानी बेस सोपा, तो या कारणानंही.

पॅकिंगसाठी कडक पेटी, हेडस्टॉकखाली आधार, तारा थोड्या सैल. खोकं आलं की लगेच फोडू नका. विमानातला गारठा घेऊन आलेल्या नायट्रोला आपली गरम हवा एकदम लागली की रंगावर बारीक तडे जातात. एक दिवस बंदच राहू द्या. सोबत जुना अमेरिकी ॲम्पही मागवला असेल, तर तो ११०-१२० व्होल्टचा आहे. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या सॉकेटला लावलात तर तो पहिल्याच दिवशी जळेल.

८. घरी आल्यावर

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि वाऱ्यात मीठ. पिकअपचे खांब, ब्रिजचे स्क्रू, तारा, सगळ्यांना गंज चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं: लाकूड आटतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला टोचू लागतात. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता उत्तम. छोटा आर्द्रतामापक पेटीत ठेवा, पावसात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या वेळोवेळी बदला. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पेटी भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका. आतल्या मखमलीवर बुरशी धरते, आणि जुन्या घरात वाळवीही येते. नायट्रोचा बेस रबरी स्टँडवर ठेवलात तर रबर जिथे टेकतं तिथला रंग चिकट होतो. कापड गुंडाळा.

तारा कोणत्या लावायच्या हा आवडीचा प्रश्न. साठच्या दशकातला प्रिसिजन हाती आला असेल तर एकदा फ्लॅटवाउंड (सपाट वेष्टणाच्या, गुळगुळीत तारा) लावून पाहा. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यांचा आवाज त्यांचाच, आणि जुन्या फ्रेटही त्यांनी कमी झिजतात.

दुरुस्तीत जे काही निघेल, तुटका पॉट, गंजका स्क्रू, तडकलेला सेल्युलॉइडचा पिकगार्ड, ते कारागिराकडून मागून घ्या. पुडीत घालून, तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवा. फक्त जुना सेल्युलॉइड पेटीत ठेवू नका. त्यातून निघणारा वायू धातूला गंजवतो. त्याची पुडी वेगळ्या कपाटात.